शेऱ्याचा रकाना

देवगड बंदरावर, बर्फाच्या फॅक्टरीत
सव्वीस वर्षं आमचे हे पाइप वाचतात.
पाइपवर पांढरं चढलं,
कुठवर चढलं, किती दाट,
नुसतं बघून सांगतात आत काय चाललंय.
कम्प्रेसरच्या डोक्यापर्यंत पांढरं आलं
की हातातला चहा टाकून स्विच पाडायचा,
मग ट्रॉलर खोळंबले तरी खोळंबू देत.

त्यांच्या कोपरांवर पांढरं चढलं
ते मुलगी तिसरीत असताना.
मग गुडघे, मग पाठ, मग केसांतून कानामागे.
सकाळी चादर झटकताना
मी खिडकीकडे पाठ करायची,
उन्हात ते उडताना दिसायचं म्हणून.
भिरंडेल वितळवून भेगांत भरलं.
कोणी म्हणालं खाऱ्या पाण्यात बुडव,
कोणी म्हणालं मासळी सोड.
मासळी सोड! देवगडात!
एका बारशाला त्यांच्या हातचा पेढा
एका बाईने घेतला, आणि पदराखाली धरून ठेवला.
मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं.
तेव्हापासून मे महिन्यातही पूर्ण बाह्या.

कणकवलीची डॉक्टर माझ्या भाचीएवढी.
आम्ही मलम मागायला गेलो,
तिने दंडाला पट्टा बांधला.
चढण चढताना दम लागतो?
वडील कशाने गेले?
विड्या किती?
हे माझ्याकडे बघायला लागले,
दुसऱ्याच कोणाचा कागद काढल्यान की काय.

ती म्हणाली, ही नुसती कातडीची गोष्ट नाही, काका.
सूज आतही असते, धुमसत,
रक्ताच्या नळ्यांनाही ती खाऊ शकते.
सोरायसिसवाल्यांना हार्ट अ‍ॅटॅकचा धोका
इतरांपेक्षा जास्त.
येईलच असं नाही.
पण बघत राहायला हवं.

नळ्या म्हटल्यावर हे गप्प.
एसटीत एक शब्द नाही.
शिरगावला गाडी थांबली तेव्हा, खिडकीबाहेर बघत,
“सगळे पाइप बघलंय.
ह्यां बघूचा रवला.”

मला आठवत राहिल्या त्या रात्री,
छाती चोळत उठायचे,
“पित्त असात गो,” म्हणत सोडा घ्यायचे,
आणि मी दुसऱ्या दिवशी पाठीला तेल लावायची.
पाठीच्या पलीकडे काय आहे
ते कधी हाताला विचारलं नाही.

फॅक्टरीच्या लॉगबुकात
तासातासाला प्रेशर लिहितात.
त्याच्या शेवटच्या पानावर आता रकाने आखलेत:
तारीख. वरचं. खालचं. साखर. गोळी.
विड्या: दोन, दोन, एक,
तीन (यावर खाडाखोड), एक.
परवा डबा द्यायला गेले तेव्हा वाचलं.
शेऱ्याच्या रकान्यात,
प्रेशर लिहितात त्याच अक्षरात,

कोपर जैसे थे.
मशीन चालू.