मागचा जिना

सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं चिठ्ठी लिहून दिली,
औषधाच्या पुडीच्या पाठीवर:
मंगळवार, संध्याकाळी साडेसात,
शाहूपुरी, शाळेची इमारत, मागचा जिना.
फोन नंबरही होता, पण शेवटचा आकडा
एक की नऊ, कळत नव्हतं.
कळू नये म्हणूनच बहुतेक
ती महिनाभर मी घामेजल्या खिशात ठेवली.

या गावात पत्ता विचारायची वेळ कधी आली नव्हती.
उद्यमनगरातनं सुटलो की पाय आपोआप.
कुठल्या बारचं मागचं दार कितीला उघडतं,
ड्राय डेला कुणाच्या गोठ्यात, कडब्याखाली, काय असतं,
कुणाच्या वहीत माझी किती पानं,
सगळं तोंडपाठ.

आणि आज त्याच गल्लीतनं तीन वेळा.
पानपट्टीवर विचारलं, "इथं शाळा कुठली?"
"आत्ता? पाचलाच सुटली की."
"न्हाई, क्लास असतोय म्हणं."
"कसला?"
"कसला तरी."
चुना लावता लावता त्यानं बघितलं माझ्याकडं.
मी मावा घेतला. नको होता.

फाटक उघडं. खालच्या वर्गात उजेड दिसला
म्हणून शिरलो,
तर बायकांचा बचत गट. नाण्यांच्या चळती, वही,
आणि वीस-बावीस डोळे.
चष्म्याला दोरी बांधलेली एक म्हातारी
मोजायचं न थांबवता म्हणाली,
"वर जावा. ह्यो जिना न्हवं, मागचा."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

सव्वीस वर्षं लेथवर काढली.
केसाएवढा फरक बोटाला कळायचा,
मायक्रोमीटर लावायच्या आधी आकडा सांगायचो.
आणि मला वाटायचं, माझं कुणाला दिसत नाही.
बडीशेप. वेलदोडा. जपून टाकलेलं पाऊल.
पोरीच्या साखरपुड्यात भिंतीला टेकून उभा होतो,
भिंत पडेल म्हणून धरली असावी तसा.

जिना लोखंडी. पायऱ्या चौदा.
नवव्या पायरीवर बसलो.
तिथनं परमिट रूमचा हिरवा दिवा दिसतो,
सरळ रेषेत, साठ पावलं फार तर.
उठलोच होतो. तेवढ्यात वरनं हसू ऐकू आलं.
हसू!
मला वाटलं होतं, वर रडत असतील,
नाहीतर आरती तरी.
कुणीतरी सांगत होता, पिऊन शेजाऱ्याच्या घरात शिरला,
ताट वाढून घेतलं, जेवला,
वर भाजीत मीठ कमी म्हणून त्या माउलीशी भांडला.
खोलीभर माणसं पोट धरून.
मीही केलं होतं ते. शेजाऱ्याच्या नाही, मेहुण्याच्या घरी.
तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

तिसरीचा वर्ग. भिंतीवर पाढे.
बाकं एवढीशी की गुडघे हनुवटीला.
दाराशी पोलिसी बूट, रबरी सपाता,
आणि करकर वाजणारी एक कोरी कोल्हापुरी;
पिणाऱ्याच्या पायात इतकी नवी चप्पल टिकत नाही.

चहा ओतत होता कुणी पिराजी.
गंगावेशीत दूध घालतो म्हणाला. आडनाव सांगितलं नाही.
सगळ्यांना काठोकाठ, मला अर्धा ग्लास.
मी बघत राहिलो. इथंही माझी पत संपली?
तो वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला,
"पहिल्या दिवशी अर्धाच देतो. हात हालतोय.
अंगावर सांडला की माणूस लाजून जातंय निघून.
मी गेलतो. परत यायला चार वर्षं लागली."

दोन्ही हातांनी धरला.

मग एकेकानं नाव सांगितलं, नुसतं पहिलं.
माझ्यापर्यंत आलं तेव्हा
खाली बायका अजून नाणी मोजत होत्या,
आवाज येत होता, एकेक रुपयाचा.
कारखान्यात मी मिस्त्री. बारमध्ये मालक.
घरात हल्ली काहीच नाही, नुसतं ताट सरकवतात.
"केरबा," म्हटलं.
पुढचं वाक्य आलं नाही.
कुणी मागितलंही नाही.

चहात साखर फार होती.
मी भांडलो नाही.