एक पंचमांश लहान

दर मंगळवारी साडेनवाला देओलिंदा येते,
बगलेत घडीचा ईझल,
पिशवीत टर्पेंटाइन, फडक्यात गुंडाळलेलं
एखाद्या तान्ह्यासारखं.
नियम मी वाचून दाखवतो, तिला पाठ असले तरी:
नक्कल मुळाच्या मापाची नको,
निदान एक पंचमांश लहान हवी.
सही उतरवायची नाही.
थेंब सांडला तर फरशी तुम्ही पुसायची.

ती मान हलवते. चाळीस वर्षं
बुचाच्या कारखान्यात अंगठ्याने चांगलं-वाईट निवडत होती.
नियमांचं तिला काही वाटत नाही.

भिंतीवर गृहस्थ. काळा डगला, चुण्यांची कॉलर.
पितळी पट्टीवर दोनदा 'अज्ञात':
एकदा त्याच्यासाठी, एकदा काढणाऱ्यासाठी.
समोर खुर्ची टाकून मी, एकोणीस वर्षं,
एव्होराच्या या दालनात,
जिथे जूनमध्येही गुडघे गार पडतात.

पहिले तीन मंगळवार तिने ब्रश उघडलाच नाही.
डोळे बारीक करून नुसती बघत राहिली,
भर उन्हात लांबून येणारी बस आपलीच का, तसं.
मग अंबरचा पातळ हात.
मग हिरवट, बुडून वर आलेल्या माणसाचा असावा
असा चेहरा.
मी म्हटलं, बाई, हा आजारी दिसतोय.
"आतून सगळे असेच. तुम्हीही.
लाली वरून येते. दम धरा."

एकदा पाठमोरीच विचारलं तिने:
"एउझेबियु, याचा कुठला डोळा मोठा?"
अंधारातही ज्याला मी ओळखला असता
त्याचं हे मला सांगता येईना.
त्या रात्री दाढी करताना
पहिल्यांदा माझे बघितले.
डावा.

नाकाने महिना खाल्ला.
गुरुवारच्या वर्गातले मास्तर म्हणतात म्हणे,
नाकाला रेष नसते, रेष आपल्या भीतीला असते.
तिने चार वेळा खरवडलं.
पाचव्यांदा सावली बसली आणि नाक
आपसूक पुढे आलं,
दार उघडून कुणी बाहेर डोकवावं तसं.

आणि मग कॉलर.
कॉलरीखाली, उजवीकडे, नखाएवढा तपकिरी डाग.
ती घोटत बसली: अंबर, सिएना, थोडा काळा, थेंबभर तेल.
जुळेना.
"हा रंग या माणसाच्या पेटीतला नाहीच," म्हणाली.

मी खिडकीकडे बघत राहिलो.

नोकरीचं पहिलं वर्ष, फेब्रुवारी.
दिवा बदलताना शिडीचं टोक लागलं.
कॅनव्हास डफासारखा वाजला
आणि डगल्यातून पांढरं दिसलं, दातासारखं.
दालनात कुणी नव्हतं.
बूट नुकतेच चमकवलेले होते. करंगळी पुरली.
त्यानंतर तीन संचालक आले, गेले.
लिस्बनहून एक तज्ज्ञ आला, भिंग लावून
त्या जागेशी बराच वेळ थांबला,
म्हणाला, "वा, जुनी झिलई."

दोन मंगळवार गेले. चकतीवर
तपकिरीचे अकरा ढीग, अकराही चुकीचे.
सोडून द्या ना, म्हटलं, एवढासा तर डाग.
"सोडायचंच तर घरी बसून
माझ्या मनातला माणूस काढला असता की."

परवा मी डबी नेली.
टर्पेंटाइनशेजारी ठेवली, खुर्चीत येऊन बसलो,
पाय खुर्चीखाली ओढून.

तिने झाकण फिरवलं. वास घेतला.
माझ्या बुटांकडे बघितलं, मग वर, दिव्याकडे,
मग पुष्कळ वेळ त्या गृहस्थाकडे,
जो आम्हा दोघांकडे बघत होता,
उजवा डोळा जरा मोठा करून.

करंगळी डबीत बुडवत तिने विचारलं,
"केवढा करू?"

घसा खाकरून मी म्हणालो,
एक पंचमांश लहान.
नियम आहे.