पान एकेचाळीस

मंगळवारी कुरिअरवाला बेल न वाजवताच
पार्सल चपलांच्या कपाटावर ठेवून जातो.
या खेपेला पाच :
मंगळावर घडणारी कादंबरी, तिथेही सोसायटीची भांडणं;
एका नेत्रतज्ज्ञाचं आत्मचरित्र, अल्बमसकट;
भरडधान्यांच्या पाककृती;
मुलांसाठी एक, ज्यातलं कासव इतकं शहाणं
की मुलं त्याला टाळतील;
आणि एक कवितासंग्रह, पातळ,
दाराखालून सरकवता आला असता.

तीनशे शब्द. रविवारची पुरवणी.
शुक्रवारी चारच्या आत.
चौदा वर्षं हेच करते आहे.
‘आश्वासक’ हा शब्द किती वेळा वापरला
त्याचा हिशेब कुणी मागू नये.
‘मुखपृष्ठ समर्पक’ म्हणजे
आत फारसं काही हाती लागलं नाही.
‘आवर्जून वाचावं असं’ म्हणजे
मी आवर्जून वाचलेलं नाही.

वाचून झालेली, न झालेली,
सगळी कापडी पिशवीत भरून
सहकारनगरला ओव्हाळांच्या लायब्ररीत देते.
सात पायऱ्या उतरून तळघर, एकच पंखा,
तोही मासिकांच्या बाजूला.
ओव्हाळ पुस्तक आधी तळहातावर तोलतात,
मग शेवटचं पान, मग किंमत,
मग म्हणतात, “हे जाईल.”
किंवा नुसतंच, “हं.”
त्या ‘हं’ला मी भिते.
माझ्या तीनशे शब्दांत तेवढं कधी मावलं नाही.

खरं परीक्षण मागच्या चिठ्ठीवर असतं,
तारखांच्या जांभळ्या शिक्क्यांत.
परवाच्या दिवाळीतल्या रहस्यकथेला चिठ्ठी पुरली नाही,
दुसरी डकवली आहे.
बाराव्या पानावर कुणीतरी पेनने लिहिलंय :
खून माळ्याने केला.
खाली दुसरं अक्षर : नाही. नीट वाचा.
जुन्या विहिरींवरच्या पुस्तकात
धायरीच्या बसचं तिकीट, आणि समासात,
‘ही आमची. बुजवली. वर आता पार्किंग.’
मी त्या पुस्तकाला ‘संशोधनपर’ म्हटलं होतं.

मग हाताला लागलं ते गेल्या वर्षीचं.
कोणी व्यंकट मुंढे, वीज मंडळातून निवृत्त,
प्रकाशन स्वखर्चाने,
मनोगतात पत्नीचे आणि कंपोझिटरचे आभार.
मी लिहिलं होतं, आश्वासक.
एकसष्टाव्या वर्षी माणूस
कसलं आश्वासन देत होता कोण जाणे.

शिक्का एकच. चौदा जुलै.
त्याच्याखाली बोथट पेन्सिलीत :
पान ४१ पुन्हा.

मी एकेचाळीसपर्यंत पोचलेच नव्हते.

उभ्यानेच वाचलं.
खांबावर चढलेला माणूस. खाली सगळी वस्ती अंधारात.
तार जोडणार, तेवढ्यात कुठल्याशा दारातून बाई म्हणते,
जरा थांबा हो दादा, आत्ताच झोपलंय.
तो थांबतो.
वर वारा आहे, पक्कड गार पडत चाललीय.
कविता तिथेच संपते,
दिवे लागले की नाही, सांगत नाही.

“कोणी नेलं होतं हे?”
ओव्हाळांनी रजिस्टर माझ्यापासून जरा दूर सरकवलं.
“सभासद तीनशे बारा. नाव कशाला हवं?
डॉक्टर पेशंटचं सांगतो का?”
“परत देताना काही म्हणाल्या?”
ते आठवत राहिले. पंखा तिकडे फिरत होता.
“म्हणाल्या, दंड घ्या. सहा दिवस उशीर झालाय.”

चौसष्ट पानांना
सहा दिवस उशीर.

मी पिशवी रिकामी न करताच परत आणली.
मुंढे तेवढे पावती करून घेतले,
माझ्याच प्रतीचं डिपॉझिट भरून.

शुक्रवारी चार वाजता पुरवणीतून फोन आला.
कुठलं देताय? कासव की मंगळ?
म्हटलं, पातळवालं.
मग पाठवा की, त्याला कितीसा वेळ लागतो.
म्हटलं, लागतोय.
नवव्या पानावर आहे.