पालथ्या बशा

आठवीच्या वर्गात आज तीन बरण्या नेल्या.
एकीत काळी माती, एकीत तांबडी, एकीत राखाडी.
वादळाचा रंग बघून इथली म्हातारी माणसं सांगायची
आज कुणाचं शेत उडून आलंय.
काळं असलं तर आपलंच, कॅन्ससचं.
तांबडं ओक्लाहोमाचं.
राखाडी म्हणजे कोलोरॅडोकडून.
"म्हणजे पार्सलच की," वेल्डन म्हणाला.
हसले सगळे. मीही.
तेरा मुलं, जेवणानंतरचा तास.
हसतायत म्हणजे जागी तरी आहेत.

मग दोन ट्रे आणि टेबलफॅन.
एकात बुटकं गवत, मुळांसकट खणून आणलेलं,
दुसऱ्यात नुसती भुसभुशीत माती.
गवत जरासं शहारलं, तेवढंच.
दुसरा ट्रे उठला तो थेट
भिंतीवरच्या नकाशावर, माझ्या चष्म्यावर
आणि ट्रूडीच्या अर्ध्या सफरचंदावर.

फळ्यावर लिहिलं:
१९३१. गहू अमाप, भाव मातीमोल. म्हणून आणखी नांगरलं.
१९३२. पाऊस नाही.
१९३३. नाही.
मुलांनी 'नाही'सुद्धा उतरवून घेतलं, सुवाच्य अक्षरात.

सांगत गेले:
हवेत इतकी वीज की हात मिळवायला माणसं बिचकायची,
मोटारीमागून साखळी फरफटत न्यायची.
गुरांना काटेरी झुडपं, मीठ लावून.
खिडक्यांच्या फटींना खळीचे कागद,
दारावर ओल्या चादरी,
आणि भर दुपारी कंदील.

"मग निघून का नाही गेले?"
दर वर्षी कुणीतरी विचारतंच.
चारातले तीन राहिले, असं मी सांगते.
हे उत्तर नाही, नुसता आकडा आहे,
मला ठाऊक आहे.

कपाटातून जुना हजेरीपट काढला.
मिस हेडविग श्रॅग यांचं तिरकं अक्षर,
मार्च एकोणीसशे पस्तीस.
गैरहजर. कारण: धूळ.
धूळ. धूळ. वरच्यासारखंच.
अल्मा कोएन: खोकला.
अल्मा कोएन: खोकला.
पुढे तिची ओळ कोरी. बाकीच्यांच्या चालूच.
"तिचं काय झालं?"
माहीत नाही.
कबरस्तानात शोधलं, तिथं ती नाही.
यात बरं वाटून घ्यावं का,
तेही माहीत नाही.

टेबलावर निळ्या काठाच्या बशा मांडल्या होत्या,
त्या काळच्या, दाखवायला.
शेवटच्या बाकावरची होदान उठली.
जानेवारीत आली ती, वडील मांसाच्या कारखान्यात.
वर्गात बोललेली मला आठवत नाही.
तिनं एकेक बशी पालथी घातली.
मग कप. चमचे त्यांच्याखाली सरकवले.
"वाढायच्या वेळीच सुलट करायच्या.
गाल्कायोत मावशी असंच करते."

मी ते अजून शिकवलंच नव्हतं.
टिपणात पुढच्या पानावर होतं.

"आमच्याकडे दुष्काळांना नावं असतात," ती म्हणाली.
"एकाचं नाव लांब शेपटीचा."
मी विचारलं, का. तिनं खांदे उडवले.
"संपतच नव्हता."

वेल्डन पेन्सिल चावत होता.
त्याचे वडील विहिरींना बोअर मारतात.
यंदा पाण्यासाठी आणखी वीस फूट खाली जावं लागलं,
हे त्यानं सोमवारी बढाई मारल्यासारखं सांगितलं होतं.
"जो अजून आला नाही," त्यानं विचारलं,
"त्याचं नाव आत्ताच ठेवलं तर?"
"नाही ठेवता येत. आधी तो जावा लागतो."

घंटा झाली.

शिक्षकांच्या खोलीत या वर्गाबद्दल बोलतात,
पालथ्या घड्यावर पाणी म्हणून. मीही बोललेय.
बशा तशाच राहू दिल्या.
नकाशा ओल्या फडक्यानं पुसायला गेले
तर कॅन्सस आणि ओक्लाहोमा एक झाले,
चिखलाचा एक फराटा.
उद्या पहिल्या तासाला भूगोल आहे.
नवा नकाशा मागवायला हवा,
किंवा असू दे.