जिन्यावरची अदलाबदल

तिसऱ्यांदा माझा निबंध तुझ्या हातात गेला, पेलान,
आणि तुझा माझ्या.
फार्कर सर हसले, नेहमीसारखेच,
अगदी मनापासून.

तू माझ्याहून वीतभर उंच, तुला चष्मा,
माझ्या हनुवटीवर तीळ.
तुझ्या ग्वेलिनहून माझ्या लान्चौला यायचं
तर आगगाडीत दोनदा झोपावं लागतं.
इथे मात्र मधे एक बाकसुद्धा नाही.

हजेरीत कॅलम होतो, आयला होते,
मग सर थांबतात, ओठ जुळवतात,
चष्मा पुसतात.
त्या शांततेलाच मी ‘हजर’ म्हणते.
श्वांगनिंग, एवढंच तर आहे.
दोन घास.

डंडीत चारलाच अंधार पडतो.
दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, रेडिएटरपाशी
आपण कागद बदलून घेतो.
तुला माझे गुण कळतात, मला तुझे,
अशीच तर ओळख झाली आपली.
तू संत्र्याच्या साली त्या गरम लोखंडावर ठेवतेस
आणि जिनाभर कुणाच्या तरी घरचा वास येतो.

आज मात्र तू साल सोलता सोलता थांबलीस.
माझ्या समासात पेन्सिलीने:
‘भाषा छान. कुणाची मदत घेतली का?’
तुझ्याही समासात तेच.
शब्द न् शब्द तोच,
प्रश्नचिन्हाचं पोट तेवढंच गोल.

यात बोट ठेवावं असं काय आहे?
छान म्हटलंय. विचारलंय फक्त.
तक्रारीच्या फॉर्मवर चौकट असते: ‘काय घडले?’
काय लिहू, पेन्सिल घडली?

गटात आपल्याला स्लाइडांचे रंग निवडायला देतात.
आईला मी सांगते, इथले लोक फार हसरे आहेत.
खोटं नाही ते.

तू म्हणालीस, मदत घेतली ना,
बाबांच्या शब्दकोशाची.
विमानतळावर तो वजनात बसेना
म्हणून मी हिवाळ्याचे बूट काढून ठेवले.
आणि पाय पुढे केलेस:
कापडी बूट, चवड्याला ओले.

मी खोडरबर काढलं. शिसं गेलं.
अंगठा फिरवला तर खळगी तशीच,
मागच्या पानावरसुद्धा.

‘पुढच्या वेळी,’ तू म्हणालीस,
‘बदलायचंच नाही.
तू मी हो.’
आणि इतक्या मोठ्याने हसलीस
की खालच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं,
शू.