पाळीचा पुठ्ठा

भाडं परवडलं म्हणून आले.
दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.
किल्ली देताना एजंट म्हणाला, वस्ती जरा मिश्र आहे,
आणि त्याने खिडकी लावून घेतली,
जणू मिश्रपणा वाऱ्याबरोबर आत येतो.

ग्लासगोच्या दक्षिणेला, गोवनहिलमध्ये,
तांबड्या दगडाची चार मजली इमारत.
एक जिना. आठ दारं.
आणि कडीकडीवरून फिरणारा एक पुठ्ठा:
'या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.'
दोरी तेवढी बदलत गेली.
आधी सुतळी होती म्हणे, मग बुटाची नाडी,
आता कुणाच्या तरी ईदच्या मिठाईची सोनेरी फीत.

पुठ्ठ्याच्या पाठीवर लोक लिहून ठेवतात.
'ब्लीच नको, मांजर चाटते.'
मांजर केव्हाच मेली, नियम जिवंत आहे.
त्याखाली उर्दूत, बल्ब बदलल्याची नोंद.
त्याखाली तिग्रिन्यात एक लांबलचक ओळ.
लेतेब्रहानला अर्थ विचारला, तर ती हसली:
काही नाही गं, गुडघे दुखतात
एवढंच लिहिलंय.

सगळं गोड आहे असं कुणी समजू नये.
मागच्या अंगणात भिजलेली गादी तीन तीन आठवडे पडून असते.
भिंतीला ओल, आणि उंदरांना कुणाचंच वावडं नाही.
डेझिदेर रात्री अकराला जिन्यातच
कुणाचं तरी वॉशिंग मशीन उघडून बसतो,
आणि खालून सेंगा मॅकइल्व्हेनी झाडूच्या दांड्याने छत ठोकते.
ब्याऐंशी वर्षांची सेंगा. याच जिन्यात जन्मली.
सगळ्यांना सारख्याच शिव्या देते,
त्यात डावं-उजवं करत नाही.

शेजार म्हणजे काय,
तर रफाकतच्या घरच्या फोडणीचा
मला लागलेला ठसका,
आणि माझ्या ठसक्यावर
भिंतीपलीकडून आलेलं 'बरी आहेस ना?'

विविधता हा शब्द इथे कुणी वापरत नाही.
तो बाहेरून येतो, कॅमेरा घेऊन,
आणि संध्याकाळच्या आत परत जातो.

डेझिदेरची मुलगी वांदा, अकरा वर्षांची,
सगळ्या जिन्याची पत्रं वाचायची.
कौन्सिलची, इस्पितळाची, विजेच्या बिलाची.
रफाकतच्या आईला चष्मा सापडत नसे,
तेव्हा वांदाच तिचा चष्मा.
जानेवारीत त्यांच्या घराचं पत्र आलं.
तेही तिनेच वाचून दाखवलं, पायरीवर बसून,
एकाही शब्दाला न अडखळता.
नवं भाडं, नवी तारीख.
कोपऱ्यावर कॉफी आता चार पौंडांना मिळते,
आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

ते गेले, आणि पुठ्ठा त्यांच्याच कडीला राहिला.
पुढच्या दाराला लाव की, मी म्हटलं.
सेंगा म्हणाली, दार ओलांडून पुठ्ठा जात नाही.
तिच्या आईच्या वेळेपासून
कधी गेला नाही.

पहिला आठवडा. दुसरा आठवडा.
पायऱ्यांवर चिखल, चिप्सची पाकिटं, कुणाचा तरी एक हातमोजा.
तिसऱ्या शनिवारी रात्री मी बादली घेऊन बाहेर पडले,
त्यांच्या नावाने धुऊन टाकावा म्हणून,
तर जिना ओला.
वरपासून खालपर्यंत ओला, दिव्याखाली चमकणारा,
आणि ब्लीचचा वास नाही.
वर कुठेतरी बादलीची कडी वाजली,
एक दार हळूच लागलं.
कोण ते मी विचारलं नाही.
गुडघ्यांवर हात टेकत कुणीतरी उठलं असेल.

सकाळी पुठ्ठा माझ्या कडीला होता.

दाराच्या फटीतून आत आलेलं
माझ्या घरमालकाचं पाकीट
जमिनीवर पडलंय, पालथं.
अजून फोडलं नाही.
या आठवड्यात पाळी माझी.
आधी पाणी तापवते.