वजनावर

वागळे इस्टेटला, बंद कंपनीच्या भिंतीला टेकून
झुबेरचं भंगार.
"हत्यार नाही साहेब, लोखंड म्हणून घ्या,"
आणि रंधा टाकतो काट्यावर,
कुणाच्या तरी कुकरशेजारी.
साठ रुपये.

दोन रात्री डिझेलमध्ये.
गंज सुटला तसं कुशीवर नाव आलं,
खिळ्यानं ओरखडलेलं: द. ल. केणी.
मूठ डाव्या अंगाला झिजलेली.

"कितवा हा?" बायको विचारते.
तिसरा, म्हणतो.
(पाचवा. दोन सोफ्याखाली आहेत.)

सोसायटीच्या कचऱ्यातली पलंगाची फळी,
बाल्कनीत, उजव्या हातानं:
अडतो, ओरबाडतो, केणींचं ऐकतो.

घर झोपल्यावर
हात बदलून बघितला.
छिलका निघाला.
वाकडा, पण एकसंध,
पार कुंडीपर्यंत.